जुळणीचे ज्ञान: विश्लेषणाची यंत्रे आणि तज्ज्ञ प्रणाली

रासायनिक विश्लेषणाचे कोणतेही मोठे यंत्र मोजमापाआधी जुळवावे लागते. क्ष-किरण नळीला किती किलोव्होल्ट द्यायचे, किरणांच्या वाटेत कोणता स्फटिक ठेवायचा, कोणता डिटेक्टर निवडायचा, नमुन्याच्या कक्षात निर्वात ठेवायचा की हेलियम भरायचा, हे सगळे आधी ठरवावे लागते. मास स्पेक्ट्रोमीटर असेल तर आयनांच्या वाटेवरील प्रत्येक लेन्सचे व्होल्टेज ठरवावे लागते. हे निर्णय चुकले तरी यंत्र आकडा देतेच. तो दशांशचिन्हापुढे चार स्थळांपर्यंत छापला जातो आणि तरीही चुकीचा असतो. म्हणून विश्लेषणाच्या प्रयोगशाळेत सर्वांत मोलाचे ज्ञान जुळणीचे असते. ते बहुतेक वेळा एखाद्या अनुभवी ऑपरेटरच्या डोक्यात असते आणि तो निवृत्त झाला की त्याच्याबरोबर जाते.

तज्ज्ञ प्रणाली, म्हणजे एक्सपर्ट सिस्टिम, हा या ज्ञानाला कागदावर आणि तिथून संगणकात उतरवण्याचा प्रयत्न आहे. अशा प्रणालीचे दोन भाग असतात. पहिला ज्ञानसंच. त्यात ‘अमुक असेल तर तमुक करा’ अशा स्वरूपाचे शेकडो नियम असतात आणि यंत्राच्या भागांची व्यवस्थित नोंद असते. दुसरा अनुमानयंत्रणा. ती समोरच्या नमुन्याची माहिती विचारते, लागू होणारे नियम शोधते, एकाच्या निष्कर्षावर दुसरा नियम चालवते आणि शेवटी जुळणी सुचवते. नियम आणि ते चालवणारी यंत्रणा वेगवेगळी असल्याने रसायनतज्ज्ञाला संगणकाची भाषा न शिकता नियम बदलता येतात.

हे ज्ञान किती गुंतागुंतीचे असते ते समजायला बपेऱ्याचा परिसर चांगला आहे. भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील हे गाव मध्य प्रदेशच्या सीमेलगत आहे. नागपूर, भंडारा आणि बालाघाट या जिल्ह्यांतून जाणारा मँगनीजचा पट्टा याच तालुक्यातून जातो. ‘मॉईल’ या सरकारी खाण कंपनीच्या चिखला आणि डोंगरी बुजुर्ग या खाणी तुमसर तालुक्यातच आहेत. या पट्ट्यातील खडकांचा पद्धतशीर अभ्यास भूशास्त्रज्ञ लुईस फर्मोर यांनी केला. भारतातील मँगनीज साठ्यांवरचा त्यांचा विस्तृत ग्रंथ १९०९ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने प्रसिद्ध केला. इथल्या मँगनीजयुक्त खडकाला त्यांनी गोंड समाजावरून ‘गोंडाइट’ हे नाव दिले. या पट्ट्यातून प्रयोगशाळेत तीन अगदी वेगळ्या प्रकारचे नमुने येऊ शकतात: खाणीतले धातुक, विहिरीचे पाणी आणि धानाच्या बांधीतला तांदूळ. तिन्हींसाठी लागणारी जुळणी एकमेकींपासून पूर्ण वेगळी आहे.

धातुकापासून सुरुवात करू. क्ष-किरण प्रतिदीप्ती, म्हणजे एक्सआरएफ, या पद्धतीत नमुन्यावर क्ष-किरण टाकले की प्रत्येक मूलद्रव्य स्वतःच्या ठराविक ऊर्जेचे किरण परत सोडते. मँगनीजची मुख्य रेषा ५.९० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टची आणि दुय्यम रेषा ६.४९ची. लोखंडाची मुख्य रेषा ६.४० वर आहे. मँगनीजच्या दुय्यम रेषेची तीव्रता मुख्य रेषेच्या साधारण सातव्या-आठव्या हिश्श्याएवढी असते. ज्या धातुकात मँगनीज चाळीस टक्क्यांच्या पुढे आणि लोखंड पाच-सहा टक्के, तिथे ही दुय्यम रेषा लोखंडाच्या रेषेशी बरोबरी करते. ऊर्जेनुसार मोजणाऱ्या छोट्या यंत्रात दोन्ही शिखरे एकमेकांत मिसळतात. तिथे गणिताने मँगनीजचा वाटा वजा करावा लागतो, नाही तर लोखंड फुगून दिसते. स्फटिकाने तरंगलांबी वेगळी करणाऱ्या मोठ्या यंत्रात लिथियम फ्लोराइडचा स्फटिक आणि बारीक कोलिमेटर वापरला तर शिखरे बरीच सुटी होतात. मात्र बारीक कोलिमेटरमुळे किरण कमी पोहोचतात आणि मोजणीचा वेळ वाढवावा लागतो. म्हणजे पहिलाच नियम लिहिताना त्यात तीन गोष्टी एकमेकींत अडकतात.

फॉस्फरसची गोष्ट आणखी नाजूक. फेरोमँगनीज बनवणाऱ्या भट्टीला धातुकातील फॉस्फरस नको असतो, कारण तो भट्टीत जळून जात नाही, मिश्रधातूत जाऊन बसतो. त्याची रेषा अवघ्या २.०१ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टची. इतके दुबळे किरण हवेतच शोषले जातात, म्हणून कक्षात निर्वात लागतो. स्फटिक जर्मेनियमचा लागतो. नळीचा विद्युतदाब कमी आणि प्रवाह जास्त ठेवावा लागतो, तर मँगनीजसाठी नेमके उलटे. एकाच नमुन्यावर यंत्राला मध्येच जुळणी बदलावी लागते.

त्याआधी नमुना तयार करण्याचा प्रश्न आहे. धातुकाची भुकटी लिथियम बोरेटमध्ये सुमारे हजार-अकराशे अंश सेल्सियसला वितळवून तिचा काचेसारखा मणी करता येतो, किंवा भुकटी दाबून वडी करता येते. मण्यात खनिजाचे रूप नाहीसे होते. पायरोलुसाइट असो की ब्राउनाइट, वितळल्यावर सगळे सारखेच, त्यामुळे मँगनीजचा आकडा विश्वासार्ह येतो. पण बोरेट मिसळल्याने नमुना पातळ होतो आणि आधीच कमी असलेला फॉस्फरस आणखी दुबळा दिसतो. वडीत फॉस्फरस स्पष्ट दिसतो, मात्र दाण्यांचा आकार आणि खनिजांचा प्रकार मँगनीजचा आकडा हलवतात. मणी प्लॅटिनम-सोन्याच्या मुशीला चिकटू नये म्हणून काही जण लिथियम ब्रोमाइड टाकतात, आणि ब्रोमिनची एक रेषा ॲल्युमिनियमच्या रेषेवर जवळजवळ बरोबर बसते. मुशीतून मणी अलगद निघावा म्हणून टाकलेली चिमूटभर भुकटी दुसऱ्या दिवशी ॲल्युमिनाचा आकडा वाढवते. अनुभवी विश्लेषक असा वाढलेला आकडा पाहून पहिल्यांदा मुशीत काय टाकले होते हे विचारतो. तज्ज्ञ प्रणालीत हा प्रश्न नियम म्हणून लिहिता येतो: ‘ॲल्युमिना अपेक्षेपेक्षा जास्त आणि ब्रोमाइड वापरले असेल, तर ब्रोमिनची दुरुस्ती करा किंवा आयोडाइडवर जा.’

या सगळ्याच्याही आधीचा एक नियम आहे, आणि तो नसेल तर बाकीचे कुचकामी ठरतात. डोंगरी बुजुर्गचे धातुक मँगनीज डायॉक्साइडसाठी ओळखले जाते आणि कोरड्या बॅटऱ्यांच्या उद्योगाला ते लागते. एक्सआरएफ एकूण मँगनीज सांगते. त्यातले किती डायॉक्साइडच्या रूपात आहे ते सांगत नाही. त्यासाठी जुनी ओली रसायनशास्त्राची पद्धत लागते: ऑक्झॅलिक आम्लाच्या मोजलेल्या मात्रेशी भुकटीची क्रिया करून उरलेले आम्ल परमँगनेटने टायट्रेट करणे. म्हणून चांगल्या प्रणालीचा पहिला प्रश्न ‘हा आकडा कशासाठी हवा आहे?’ असा असतो, आणि काही वेळा तिचे योग्य उत्तर ‘हे यंत्र वापरू नका’ असे असते. यंत्र विकणाऱ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये हे उत्तर सहसा सापडत नाही.

आता विहिरीचे पाणी. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार, म्हणजे आयएस १०५०० नुसार, मँगनीजची स्वीकार्य मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे आणि पर्यायी स्रोत नसेल तर ०.३. चाळीस टक्के मँगनीजचे धातुक आणि हे पाणी यांत सुमारे चाळीस लाख पटींचा फरक आहे. इथे आर्गॉनच्या प्लाझ्मात मूलद्रव्यांचे आयन करून त्यांचे वस्तुमान मोजणारे आयसीपी-एमएस उपयोगी पडते. मँगनीजचा निसर्गात एकच स्थिर समस्थानिक आहे, ५५. पर्यायी समस्थानिकावर मोजायची सोय नाही. त्यात नायट्रिक आम्लाच्या द्रावणात आर्गॉन, नायट्रोजन आणि हायड्रोजन मिळून बनणाऱ्या आयनाचे वस्तुमानही ५५ (४० + १४ + १), आणि पोटॅशियम-ऑक्सिजनच्या आयनाचेही (३९ + १६). पाण्यात पोटॅशियम जास्त असेल तर हेलियमची टक्कर-कोठडी चालू करायची, नेब्युलायझरचा वायू कमी करायचा, सेरियमचे ऑक्साइड किती बनते यावरून प्लाझ्मा पुरेसा तापलेला आहे का ते तपासायचे. हे नियम लिहायला सोपे आहेत, कारण त्यामागचे कारण स्पष्ट आहे. ज्या नियमाचे कारण सांगता येते तो टिकतो, असा या क्षेत्राचा अनुभव आहे.

तांदळातील कीटकनाशकांचे अवशेष शोधायला तिहेरी क्वाड्रुपोल मास स्पेक्ट्रोमीटर लागतो, आणि तज्ज्ञ प्रणालींच्या इतिहासात हेच यंत्र महत्त्वाचे ठरले. रिक योस्ट आणि ख्रिस एन्के यांनी मिशिगन स्टेट विद्यापीठात त्याचा आराखडा प्रत्यक्षात आणून १९७८ मध्ये प्रसिद्ध केला. पहिला क्वाड्रुपोल हव्या त्या वस्तुमानाचे आयन निवडतो, मधल्या भागात ते वायूच्या रेणूंवर आपटून फुटतात आणि तिसरा त्यांचे तुकडे वेगळे करतो. स्रोत, लेन्सा, तीन क्वाड्रुपोल, टक्कर-वायूचा दाब आणि डिटेक्टर यांची मिळून अनेक सेटिंग्ज होतात, आणि त्यांतील एक हलवले की बाकीच्यांची योग्य जागाही हलते. एकेक बटण फिरवून सर्वोत्तम जागा शोधणाऱ्या साध्या गणिती पद्धती इथे एखाद्या बऱ्या वाटणाऱ्या जागी अडकून राहतात.

कॅलिफोर्नियातील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत कार्ला वाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात या यंत्राच्या ट्यूनिंगसाठी तज्ज्ञ प्रणालीचे तंत्र वापरले. त्यांनी त्या वेळी नव्याने आलेले ‘की’ हे व्यापारी साधन घेतले. त्यात यंत्राचा प्रत्येक भाग त्याच्या गुणधर्मांसह नोंदता येई आणि त्या नोंदींवर नियम चालवता येत. कुशल ऑपरेटर शिखरांचा आकार पाहून पुढचे बटण निवडतो. ती निवड नियमांत मांडणे हा प्रयत्नाचा गाभा होता.

रसायनशास्त्र आणि तज्ज्ञ प्रणाली यांचे नाते त्याहून जुने आहे. अशा प्रणालींची सुरुवातच रसायनशास्त्रात झाली. स्टॅनफर्डमध्ये १९६५ पासून एडवर्ड फायगेनबाउम, नोबेल-विजेते जनुकशास्त्रज्ञ जोशुआ लेडरबर्ग, ब्रूस बुकॅनन आणि रसायनतज्ज्ञ कार्ल जेरासी यांनी ‘डेंड्राल’ उभे केले. मास स्पेक्ट्रमवरून रेणूची रचना ओळखणे हे त्याचे काम. लेडरबर्ग यांच्या मनात मंगळावर जाणाऱ्या यानातील स्पेक्ट्रोमीटर होता. डेंड्रालमधून निघालेला निष्कर्ष असा की तर्क करण्याची सर्वसाधारण हुशारी फारशी उपयोगाची नाही. त्या विषयाचे नेमके ज्ञान हवे. डेंड्राल यंत्राने दिलेल्या आकड्यांचा अर्थ लावत असे. लिव्हरमोरचा प्रयत्न एक पायरी अलीकडचा होता: आकडे यायच्या आधी यंत्र नीट बसवणे. व्यवहारात ही अलीकडची पायरी जास्त महत्त्वाची, कारण बिघडलेल्या जुळणीवर केलेला उत्तम तर्कही वाया जातो.

ट्यूनिंगचे नियम प्रत्यक्षात कसे असतात ते वायू-क्रोमॅटोग्राफीला जोडलेल्या मास स्पेक्ट्रोमीटरवर चांगले दिसते. त्यात पीएफटीबीए हा फ्लोरिनयुक्त द्रव थोडासा सोडतात. त्याची ६९, २१९ आणि ५०२ या वस्तुमानांची शिखरे ठरलेली आहेत. त्याशिवाय १८ म्हणजे पाणी, २८ म्हणजे नायट्रोजन आणि ३२ म्हणजे ऑक्सिजन. फक्त १८ मोठे असेल तर यंत्र नुकतेच उघडले गेले आहे. थांबा, भिंतींवरचे पाणी निघू द्या. २८ आणि ३२ दोन्ही वर आणि त्यांचे प्रमाण सुमारे ४:१ असेल तर हवा शिरते आहे, कारण हवेतले प्रमाण तेच आहे. मग प्रत्येक जोडावर आर्गॉनची फुंकर मारायची आणि ४० वर लक्ष ठेवायचे; ज्या जोडावर ४० उसळेल तिथे गळती. ६९ भरपूर पण ५०२ खालावलेले असेल तर आयनांचा स्रोत बहुधा मळला आहे. इथे नवखा ऑपरेटर डिटेक्टरचा विद्युतदाब वाढवतो. शिखरे पुन्हा मोठी दिसतात, गोंधळही तितकाच वाढतो, आणि डिटेक्टरमधला महागडा मल्टिप्लायर लवकर संपतो. म्हणून ‘डिटेक्टरला सर्वांत शेवटी हात लावा’ हा क्रमाचा नियम बाकी अनेक नियमांपेक्षा मोलाचा आहे. कोणते बटण किती फिरवायचे हे पुस्तकात मिळते. कोणते आधी फिरवायचे हे बहुधा मिळत नाही.

तिहेरी क्वाड्रुपोलच्या जुळणीचा एक धडा महाराष्ट्राने फार मोठी किंमत देऊन घेतला. २०१० च्या हंगामात युरोपला गेलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड हे वाढनियंत्रक मर्यादेपेक्षा जास्त आढळले. युरोपची मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम होती. कंटेनर अडकले, निर्यातदार आणि बागायतदार दोघेही होरपळले. निर्यातीआधी अवशेषांची तपासणी होत होती आणि ‘ग्रेपनेट’ ही नोंदव्यवस्थाही चालू होती, पण तपासणीच्या यादीत हा पदार्थ नव्हता. तिहेरी क्वाड्रुपोल अवशेष मोजताना फक्त सांगितलेल्या जोड्या पाहतो: या वस्तुमानाचा आयन, त्याचा अमुक तुकडा, अमुक टक्कर-ऊर्जा, अमुक मिनिटाला. क्लोरमेक्वाटची जोडी १२२ आणि ५८ ही आहे. ती यंत्राला दिली नसेल तर द्राक्षात पदार्थ कितीही असो, अहवाल स्वच्छ येतो. शिवाय हा पदार्थ विद्युतभारित आणि पाण्यात विरघळणारा असल्याने अनेक कीटकनाशकांसाठी एकत्र केल्या जाणाऱ्या निष्कर्षणात तो नीट उतरत नाही. त्यासाठी वेगळी पद्धत लागते. पुण्याजवळ मांजरीला असलेल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातील संदर्भ प्रयोगशाळेचे काम अशा पद्धती आणि याद्या सांभाळण्याचेच आहे. ‘बागेत काय फवारले?’ आणि ‘माल कुठे जाणार?’ हे दोन प्रश्न जुळणीच्या नियमसंचात सर्वांत वर हवेत.

संगणकशास्त्रात जुळणी हा तज्ज्ञ प्रणालींच्या सर्वांत यशस्वी उपयोगांपैकी एक मानला जातो. कार्नेगी मेलन विद्यापीठातील जॉन मॅकडरमॉट यांनी १९७८ मध्ये सुरू केलेली ‘आर-१’ ही प्रणाली डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या व्हॅक्स संगणकांच्या मागण्या तपासून कोणता भाग कुठे बसेल ते ठरवत असे. १९८० पासून ती कंपनीत ‘एक्सकॉन’ या नावाने वापरात आली. संगणकाचे भाग कारखान्यात बनतात आणि त्यांचे गुणधर्म यादीत असतात. खाणीतल्या धातुकाची तशी यादी नसते. म्हणून एक्सकॉनच्या यशावरून विश्लेषणाच्या यंत्रांविषयी बांधलेल्या अपेक्षा जरा जास्तच होत्या.

भारतात या विद्येला संघटित रूप १९८६ मध्ये आले. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने ज्ञानाधारित संगणक प्रणालींचा प्रकल्प सुरू केला, आणि मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि जुहूचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, म्हणजे एनसीएसटी, ही त्याच्या केंद्रांपैकी दोन होती. श्रीनिवासन रमणी यांच्या नेतृत्वाखालील एनसीएसटीने ‘विद्वान’ नावाचा तज्ज्ञ प्रणालीचा सांगाडा तयार केला. विषयाचे नियम भरले की प्रणाली तयार, ही त्यामागची कल्पना. पुढे एनसीएसटी सी-डॅकमध्ये विलीन झाले. नियम भरणे हेच खरे कठीण काम आहे, हे अशा प्रत्येक प्रकल्पात पुन्हा पुन्हा दिसले. अनुभवी ऑपरेटरला ‘तुम्ही हे बटण का फिरवले?’ विचारले तर तो अनेकदा पुस्तकातले कारण सांगतो आणि हाताने वेगळेच करतो. ज्ञान गोळा करणाऱ्याने त्याच्या शेजारी बसून, बिघडवलेल्या जुळण्या त्याच्यासमोर ठेवून, तो कशाकडे आधी पाहतो ते टिपावे लागते. अपवादांचे नियम असेच मिळतात.

द्रव-क्रोमॅटोग्राफीत युरोपातील ‘एस्का’ प्रकल्पाने १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात पद्धत निवडणे, तिची सुधारणा आणि तिचा टिकाऊपणा तपासणे यांसाठी वेगवेगळ्या छोट्या प्रणाली बनवल्या. त्याच सुमारास लॉइड स्नायडर यांच्या गटाचे ‘ड्रायलॅब’ हे सॉफ्टवेअर आले. ते नियमांऐवजी मोजक्या प्रयोगांवरून क्रोमॅटोग्रामचे गणित मांडते. जिथे सिद्धान्त पक्का आहे तिथे गणित जिंकले, हे मान्य करावे लागते. जिथे नमुना बेभरवशाचा आहे आणि कारणे अनेक आहेत, तिथे नियम टिकून राहिले.

१९८०च्या दशकाच्या अखेरीस तज्ज्ञ प्रणालींची बाजारपेठ खाली आली. त्यांच्यासाठी बनवलेले, लिस्प या संगणकभाषेवर चालणारे खास संगणक महाग होते आणि नियमसंच वाढला की एक नियम बदलल्यावर दुसरा कुठे बिघडेल हे सांगता येईना. पण विश्लेषणाच्या यंत्रांतून त्या गेल्या नाहीत. नाव पुसून त्या यंत्राच्या सॉफ्टवेअरमध्ये शिरल्या. आजच्या मास स्पेक्ट्रोमीटरमधील स्वयंचलित ट्यूनिंग आणि गळतीचा इशारा यांत हेच नियम आहेत. फरक इतकाच की ते बंद पेटीत आहेत. वापरणाऱ्याला ते वाचता येत नाहीत आणि स्थानिक नमुन्यानुसार बदलताही येत नाहीत. परदेशी कंपनीने स्वतःकडच्या नमुन्यांवर बसवलेली एक्सआरएफची आखणी तुमसरच्या उच्च मँगनीज धातुकाला आपोआप लागू पडेल असे धरता येत नाही. यंत्र-शिक्षणाच्या, म्हणजे मशीन लर्निंगच्या, नव्या पद्धती सेटिंग्ज झपाट्याने शोधतात, पण ‘का?’ या प्रश्नाला त्या नियमांइतके सरळ उत्तर देत नाहीत. जुन्या प्रणालीला ‘का?’ विचारले की ती वापरलेला नियम दाखवत असे. आयएसओ १७०२५ या मानकानुसार मान्यता घेणाऱ्या प्रयोगशाळेला पद्धतीची निवड आणि तिची पडताळणी लेखी ठेवावी लागते, तेव्हा ही सोय थेट कामाची ठरते.

असा नियमसंच मँगनीज पट्ट्यातील छोट्या प्रयोगशाळेलाही बनवता येण्याजोगा आहे. त्यासाठी महागडे सॉफ्टवेअर लागत नाही. धातुकाचा प्रकार, मागितलेला आकडा, नमुना-तयारी, रेषा, स्फटिक, विद्युतदाब, ज्ञात अडथळे आणि प्रमाणित संदर्भ-नमुन्यावर आलेला निकाल यांचा तक्ता आणि त्यावर लिहिलेले काही डझन नियम पुरतात. प्रत्येक नियमाशेजारी तो कोणी, केव्हा आणि कोणत्या नमुन्यावरून लिहिला याची नोंद मात्र हवीच. या नोंदी नसल्यामुळेच जुने नियमसंच हाताळण्यापलीकडे गेले.

या प्रणालीची हद्द नमुन्याच्या पिशवीपाशी संपते. मण्यासाठी साधारण एक ग्रॅम भुकटी लागते आणि ती ट्रकभर धातुकाच्या वतीने बोलते. ढिगाऱ्यात जड आणि भरड तुकडे वेगळे होतात, बारीक चुरा खाली बसतो; वरून उचललेल्या फावड्यात तो येत नाही. ही चूक यंत्राच्या कोणत्याही जुळणीने दुरुस्त होत नाही आणि प्रणालीला ती दिसतही नाही. म्हणून नियमसंचाच्या पहिल्या पानावर नमुना कसा काढला, ढिगाऱ्यावर किती ठिकाणांहून घेतला आणि चार भाग करत तो कसा कमी केला हे विचारणारे रकाने असावे लागतात, आणि ते रिकामे असतील तर प्रणालीने पुढे जाण्यास नकार द्यावा लागतो.